वीरप्पेनचा उजवा हात

शुक्रवारी पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी वीरप्पेन देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोयत्याला धार लावत होता. आधी कानस, मग पाण्याचा दगड, शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. चामड्याचा पट्टा जास्त चांगला, पण व्रतात चामडं चालत नाही. पाण्याच्या बादलीवर डास घोंघावत होते. एक डास त्याच्या मानेवर बसला तेव्हा त्याने खांदा हलवला आणि फुंकर मारली. डासालाही मारायचं नव्हतं.

त्याच्या उजव्या मनगटाला हळदीत बुडवलेला दोरा बांधलेला होता. कंकणाचा तो सातवा दिवस.

"धार बास झाली, वीरा," शेडच्या दारातून मुतू पुजारी म्हणाला. "बोकडाची मान आहे, नारळाचं खोड नाही."

"बोकडाला कळत नाही धार कमी पडली तर. मला कळतं."

वीरप्पेन एकोणसाठ वर्षांचा. गयानाच्या या किनाऱ्यावर, कोरेन्टाइन रस्त्याच्या कडेला, ज्या गावात तो जन्मला तिथेच त्याने छत्तीस वर्षं इस्टेटीचा ऊस तोडला. कंबर गेल्यावर पाटातलं गवत काढणाऱ्या टोळीत लागला. ही त्याची कमाई. त्याची ओळख मात्र वेगळी आहे. एकतीस वर्षं तो काली मायच्या देवळात बोकड कापतो. मोठ्या पूजेला दहा-बारा, शिवाय वर्षभर लोकांच्या नवसाचे. त्याने स्वतः मोजलेले नाहीत. मुतू म्हणतो चारशेच्या वर.

त्याचा आजा मद्रासकडून आगबोटीने आला. तिकडे बोकडासाठी वाकड्या पात्याचा कोयता असायचा म्हणतात. इथे इस्टेटीने हातात दिला तो सरळ पात्याचा, उसाचा. देवीला तोच चालला. तिकडे ताडी, इथे रम. तिकडे पूजेचा वार शुक्रवार, इथे रविवार, कारण साहेब सुट्टी रविवारची द्यायचा. देवीने कशालाच नाही म्हटलं नाही. रस्त्यापलीकडच्या सनातनी देवळाचे पंडित अजून नाक मुरडतात, आणि त्यांच्याच घरातल्या बायका पोराला ताप चढला की मागच्या वाटेने मुतूकडे येतात.

काही गोष्टी मात्र कडक. बोकड एका घावात गेला पाहिजे. आणि कापणाऱ्याने पूजेआधी कंकण बांधलं की नवव्या दिवशी पुजारी ते तोडेपर्यंत त्याचा उजवा हात देवीच्या बोकडाशिवाय कुठल्याही जिवावर उठता कामा नये. एक वेळ जेवण, मीठ नाही, मांस नाही, बायकोजवळ जायचं नाही, जमिनीवर निजायचं. हात उठला तर बोकड स्वीकारला जात नाही आणि देवीने जे दिलं ते ती परत घेते.

एकतीस वर्षांत एकदाच बोकडाला दुसरा घाव घालावा लागला होता. ज्यांचा बोकड होता त्यांचा थोरला तीन महिन्यांनी पाटात बुडून मेला. पोर दारू पिऊन पडलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी वीरप्पेन त्या घराची पायरी चढत नाही.

या वर्षी देवीने दिलं होतं ते त्याच्या घरातलं. त्याची मुलगी सिलोचनी, वय सव्वीस. चार वर्षांपूर्वी पुढच्या गावच्या जयकरनशी लग्न झालं. जयकरन ट्रॅक्टर चालवतो आणि हातात जे असेल त्याने मारतो. फेब्रुवारीत तिचा जबडा मोडला तेव्हा न्यू ॲमस्टरडॅमच्या हॉस्पिटलात तिच्या खाटेशी बसून वीरप्पेन बोलला: ती जिवंत घरी येऊ दे, मोठ्या पूजेला माझ्या हाताने काळा बोकड. जबडा बरा झाला आणि ती नवऱ्याकडे परत गेली. पण सोमवारी, कंकणाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सातच्या मिनीबसमधून ती फाट्यावर उतरली. डाव्या हाताची दोन बोटं मोडलेली, अंगावर घरातला गाऊन, हातात पिशवीसुद्धा नाही. म्हणाली, "आले अप्पा. आता जाणार नाही."

नवस पुरा झाला होता. राहिलं होतं ते बोकड देणं. सात दिवस हात आवरला होता, दोन राहिले होते. आणि रविवारनंतर तो आवरणार नाही, हे गावात जो तो धरून चालला होता.

जयकरनही दिवस मोजत होता.

*

मोठ्या पूजेच्या आधी प्रत्येकाला आपापल्या जागेवाल्याचं, जागा धरून बसलेल्या आत्म्याचं, द्यावं लागतं. इथला जागेवाला डच आहे. ही जमीन समुद्रातून काढली डच साहेबांनी, बांध घातले, पाट खणले, गुलामांना चाबकाखाली राबवून मारलं, आणि शेवटी इथेच पुरले गेले. गेले, पण जागा सोडली नाही. त्यांना रम लागते, पेटवलेली सिगारेट लागते, पाव आणि सार्डिन माशाचा डबा लागतो. नाही दिलं तर साहेब घरातल्या माणसाच्या अंगात शिरतो आणि चाबूक मागतो. आजोबांच्या गावी वेशीवरच्या देवाला द्यायचे, इथे साहेबाला देतात. मालक तो.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला वीरप्पेनच्या अंगणाच्या कोपऱ्यात, जांभळाच्या झाडाखाली, हे सगळं मांडलेलं होतं. व्रतात रमला हात लावता येत नाही म्हणून मांडलं त्याच्या बायकोने, अंगमाने. वीरप्पेन पिवळं धोतर नेसून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. इथली घरं खांबांवर. खाली मोकळा ओटा, वर खोल्या, मधे एकच अरुंद लाकडी जिना. वर सिलोचनी बापाची बिनमिठाची डाळ शिजवत होती.

जयकरन मोटरसायकलवरून आला. फाटक पायाने उघडलं. हातात कोयता, शेतावर निघालेल्या माणसाच्या हातात असतो तसाच.

"काय मामा, सातवा ना आज?"

"सातवा."

"म्हणजे दोन राहिले. मोजूनच आलोय मी." तो जांभळाखाली गेला, रमची बाटली उचलली.

"ठेव ती!" अंगमा ओरडली. "जागेवाल्याची आहे!"

"सांग त्याला, जावई पिऊन गेला." त्याने तोंडाला लावून अर्धी बाटली संपवली, सिगारेटही उचलली, दोन झुरके घेतले आणि थुंकला. "सिलो! चप्पल घाल, घरी चल. आईने चहा टाकलाय."

तो जिन्याकडे आला. वीरप्पेन उभा राहिला. डाव्या हाताने त्याने कठडा धरला आणि उजवा हात पाठीमागे नेऊन धोतराच्या गाठीत खुपसला.

"वर जायचं नाही."

"कोण अडवतंय? तू? लावून दाखव हात."

"हात लावणार नाही. उभा राहीन."

"उभा राहा की मग."

पहिला फटका पात्याच्या सपाट बाजूने कानावर बसला. वीरप्पेनचं डोकं खांबावर आपटलं. दुसरा खांद्यावर, तिसरा तोंडावर. खालचा ओठ फाटला, पुढचा एक दात अंगणात पडला. तो हलला नाही. अंगमा जयकरनच्या पाठीला लोंबकळली. त्याने कोपर मारून तिला पाडलं. शेजारचे दोघे कुंपणापाशी आले आणि तिथेच थांबले. कोयता हातात असलेल्या माणसाजवळ इथे पटकन कुणी जात नाही.

"हाताला एवढं जपतोस, म्हाताऱ्या?" जयकरन धापा टाकत म्हणाला. "पोरीपेक्षा जास्त? रविवारी बोकडाला दाखवशील मर्दपणा. आज दाखव ना. एक थोबाडीत मार. एकच. मार आणि जातो मी, आईशपथ."

वीरप्पेनने तोंडातलं रक्त गिळलं. थुंकलं तर ते जयकरनवर उडेल आणि तो हात उगारण्यातलाच प्रकार होईल की काय, याची त्याला खात्री नव्हती. हे त्याने नंतर मुतूला विचारलं.

"सोड कठडा."

"नाही."

"सोड!"

कोयता आता धारेवर फिरला होता. घाव कठड्यावरच्या डाव्या हातावर पडला, मनगटाच्या वर चार बोटं. मांस उघडलं, आतलं हाड दिसलं, मग रक्ताने भरून गेलं. तरी त्याच्या बोटांनी कठडा सोडला नाही. जयकरनने पुन्हा कोयता उचलला.

तेवढ्यात सिलोचनी जिन्याच्या वरच्या टोकाला आली. मोडलेल्या बोटांमुळे तिला भांडं नीट धरता येत नव्हतं. फडक्यात गुंडाळून दोन्ही मनगटांमध्ये दाबून तिने ते आणलं होतं. उकळती डाळ तिने वरून ओतली. फेकली नाही. बापाच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी, बेताने ओतली. जयकरनच्या मानेवर, छातीवर, कोयता धरलेल्या हातावर ती चिकटली. दुसरा घाव लाकडात बसला. थोडी डाळ वीरप्पेनच्या खांद्यावरही सांडली.

जयकरन किंचाळत पाटाकडे पळाला आणि कपड्यांसकट पाण्यात पडला. आता मात्र कुंपणापाशी थांबलेले दोघे धावले, देवळातले हलगीवाले धावले. त्याला बाहेर काढलं आणि पोलिसांची जीप येईपर्यंत पाऊण तास जमेल तसं बडवलं. पाय, काठी, सायकलचा पंप. एक जण पुन्हा पुन्हा त्याच्या भाजलेल्या मानेवरच मारत होता. सिलोचनी जिन्यावर रिकामं भांडं घेऊन बसून होती. "पुरे," असं ती म्हणाली नाही.

वीरप्पेनला जीपच्या मागच्या बाकावर निजवलं तेव्हा उजवा हात अजून धोतराच्या गाठीतच होता. अंगमाने तो सोडवला. बोटं आखडली होती.

*

हॉस्पिटलात बावीस टाके पडले. हाडाला चीर गेली होती. नर्सने सुईसाठी उजवा हात मागितला आणि दोरा कापायला कात्री घेतली.

"दोरा नाही कापायचा."

"अहो काका, घाण झालाय तो. रक्त बघा त्याच्यावर."

"असू दे. सुई वर टोचा. त्या बाटलीत काय आहे?"

"सलाईन."

"म्हणजे?"

"मिठाचं पाणी."

"मग नको. मीठ वर्ज्य आहे मला."

नर्सने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर कोवळा, राजधानीतला. त्याने समजावलं, मग आवाज चढवला. रक्त बरंच गेलं होतं. शेवटी अंगमाने मुतूला फोन लावला. असा प्रश्न त्याच्या आज्याला कुणी विचारला नव्हता.

"तोंडाने घेतलं तर मीठ," तो म्हणाला. "नसेतून गेलं ते देवीच्या हिशेबी पाणीच. घे म्हणावं वीराला. आणि मरू नको म्हणावं, परवा दहा बोकड आहेत."

शनिवारी सकाळी, डॉक्टर नको म्हणत असताना, वीरप्पेन डावा हात गळ्यात बांधून घरी आला. त्याच दुपारी जयकरन चौकीवरून जामिनावर सुटला. कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यातल्या मंगळवारची, तीस-एक दिवसांनी. तो मानेला मलम लावून आईकडे, पुढच्या गावात गेला. वाटेवरच्या रमच्या दुकानात दोघे बोलत होते:

"बाराला बोकड. एकला जयकरन."

"छे, एकला कसा? बोकडाचं मटण शिजायला दोन वाजतात. वीरप्पेन जेवून जाईल. नऊ दिवसांचा उपाशी माणूस."

"आणि जयकरन काय वाट बघत बसेल होय?"

"जाईल कुठे? पासपोर्ट चौकीत, मान भाजलेली. आईच्या पलंगाखाली असेल."

तीन वाजता वीरप्पेन आपल्या ओट्यावर बसून धार लावत होता. देवळाचा कोयता शुक्रवारी पहाटेच तयार झाला होता. हा दुसरा, त्याचा स्वतःचा, ऊसतोडीचा. मूठ त्याने दोन पायांच्या तळव्यांत धरली होती आणि एका हाताने कानस फिरवत होता. अंगमाने वरच्या खिडकीतून थोडा वेळ पाहिलं. मग पदर डोक्यावर घेऊन ती देवळात गेली.

मुतू केळीची पानं मोजत होता.

"भावजी, उद्या त्याचं कंकण तोडायचं नाही."

"असं कसं वहिनी? नववा दिवस. तोडायलाच लागतं."

"तोडलंत तर तो जाईल आणि जयकरनला मारेल. एका घावात. दुसरा घाव त्याला येत नाही. मग त्याला नेतील. जन्मभर आत. सिलोला मी एकटी कुठवर पुरी पडू?"

"मी बोलतो त्याच्याशी."

"बोलण्याने त्याचा हात कधी थांबलाय?" तिने कपाळावरचे केस मागे केले. भुवईच्या वर जुना वण आहे, पांढरा. "हे तुम्हाला माहीत आहे कशाचं. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल. पंधरा वर्षं मार खाल्ला मी. माझ्या बापाने येऊन कठडा धरला नाही. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ह्याच्या हातात तुम्ही देवळाचा कोयता दिलात. पहिल्या वर्षी नऊ दिवस मला कुणी मारलं नाही. मी म्हटलं, हे बरं आहे. पुढच्या वर्षी मी नवस बोलायला लागले. पुढे सिलो झाली. सिलोला खोकला, बोल नवस. कोंबडी हरवली, बोल नवस. वर्षात चार-पाच बोकड, प्रत्येकाला नऊ दिवस दोरा. तुम्हाला वाटायचं बाई भारी भक्तिवान."

मुतू पानं मोजायचा थांबला.

"खोकल्याला बोकड," तो म्हणाला. "मी तेव्हाच म्हणायला हवं होतं काहीतरी."

"तुम्ही कशाला म्हणाल? मुंडी तुमच्या वाट्याला यायची."

मुतूने मोजलेली पानं बाजूला सरकवली. ती म्हणाली, "पट्ट्याची सवय सुटली शेवटी. पण सुटली ती दोऱ्यामुळे. ज्ञानाने नाही. म्हणून सांगते, दोरा ठेवा."

"किती दिवस?"

"कोर्टाच्या तारखेपर्यंत. तुम्ही पुजारी. तुम्हीच शोधा काहीतरी."

*

रविवारी सकाळी अकराला हलग्या तापवून झाल्या होत्या. अंगण माणसांनी भरलं होतं; नेहमीपेक्षा दुप्पट. शेजारच्या गावातले, ज्यांचा नवस नव्हता तेही आले होते. पोलिसांचा एक शिपाई साध्या कपड्यात झाडाखाली उभा होता आणि त्याला सगळे ओळखत होते.

नऊ बोकड झाले. धडं ओढून बाजूला नेली जात होती, जमिनीवर वाळू टाकली जात होती. वीरप्पेनचं धोतर गुडघ्यापर्यंत लाल झालं होतं. डावा हात गळ्यात. नेहमी तो हात पुढे ताणून तोल सांभाळतो. आज प्रत्येक घावाला त्याचं अंग अर्धी गिरकी घेत होतं. नवव्याला पाय घसरला. घाव मात्र पुरा बसला.

दहावा त्याचा स्वतःचा, काळा. मुतूने बोकडाच्या पाठीवर हळदीचं पाणी शिंपडलं. बोकडाने अंग झाडलं की देवीने मागितला असं समजायचं. याने झाडलं नाही. उभा राहिला, कडुनिंबाचा थोडा पाला खाल्ला. पुन्हा पाणी शिंपडलं. हलग्या वाढल्या. मागच्या बायकांतून कुणीतरी रडायला लागलं. सिलोचनी खांबाला टेकून उभी होती, बोटांना पट्ट्या. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. वीरप्पेनने तिच्याकडे पाहिलं नाही, नजर बोकडाच्या मानेवरून काढली नाही.

तिसऱ्या पाण्याला बोकड शिंगांपासून शेपटीपर्यंत थरथरला. कोयता वर गेला आणि खाली आला. मुंडकं दोन हात लांब उडालं. धडाने चारदा पाय झाडले आणि ते आडवं झालं. अंगणभर एकदम श्वास सुटल्यासारखा आवाज झाला.

आता कंकणं तोडायची. हलगीवाले, पाणीवाले, बोकड धरणारे रांगेत आले. मुतू छोट्या सुरीने एकेकाचा दोरा तोडून हळदीच्या पाण्यात टाकत होता. वीरप्पेन रांगेत शेवटी. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी वाट काढत आली आणि त्याच्या रक्ताळलेल्या पायांवर पडली. जयकरनची आई, दुखनी.

"व्याही, पाया पडते. तो माझा पोर नव्हता. साहेब शिरला होता त्याच्यात. जागेवाल्याची रम प्याला ना तो, चूक झाली. कोयता साहेबाने चालवला."

"शुक्रवारी साहेबाने," अंगमा म्हणाली. "आणि फेब्रुवारीत? जबडा मोडला तेव्हा? साहेब काय चार वर्षं तुमच्याकडे भाड्याने राहतो, विहीणबाई?"

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. वीरप्पेनने पाय मागे घेतले. त्याने मनगट मुतूपुढे धरलं.

"तोड."

मुतूने सुरी खाली ठेवली. हळदीच्या वाटीतून नवा दोरा काढला, जुन्या रक्ताळलेल्या दोऱ्यावरून एक वेढा दिला आणि गाठ मारली.

"काय करतोस?"

"चाळीस दिवस आहेत तुझे."

"नऊ असतात."

"नऊ कुणी केले? माझा आजा सांगायचा, तिकडे चाळीस दिवसांचं कंकण. इथे आल्यावर साहेब म्हणाला, चाळीस दिवस हात धरून बसलात तर ऊस कोण तोडेल? पहिल्या पुजाऱ्याने नऊ केले. देवीने नाही केले, इस्टेटीने केले. तू एवढा मोठा नवस बोललास, पोरीचा जीव मागितलास. साहेबाच्या मापाने फेडणार?"

"काली मायने सांगितलं तुला?"

"नाही," मुतू म्हणाला. "अंगमाने सांगितलं."

वीरप्पेन बायकोकडे वळला. ती नजर खाली न घेता उभी राहिली. मग त्याने मनगट तोंडाशी नेलं. डावा हात गळ्यात, गाठ सोडता येण्यासारखी नव्हती, दात होते. पुढचा एक नव्हता, बाजूचे होते. त्याने दोरा दातांत धरला. साध्या कपड्यातला शिपाई झाडापासून दोन पावलं पुढे आला. दुखनी जमिनीवर बसल्या जागी मागे सरकली.

"चावा, अप्पा," सिलोचनी म्हणाली. ती ओरडली नाही. "चावा आणि जा. मी तोपर्यंत चप्पल घालते. तो मेला तर त्याच्या भावाकडे नांदवतील मला, नाहीतर या म्हातारीकडे. तुम्ही तुरुंगात. मग माझ्या जिन्यावर कोण उभं राहणार?"

"तुला परत जायला कोण देतंय?"

"तेच विचारते. कोण?"

हलगीवाल्यांपैकी एकाने अजाणतेपणी थाप मारली आणि दोन्ही तळवे कातड्यावर दाबून धरले. वीरप्पेनने दोरा दातांतून सोडला. त्याच्या ओठावरची जखम पुन्हा फुटली होती. त्याने मनगट धोतराला पुसलं. कोरडं काही राहिलं नव्हतं, रक्त रक्ताला लागलं.

"किती राहिले?"

"एकतीस," मुतू म्हणाला. "मंगळवारी कोर्ट, तो एकोणचाळिसावा. बुधवारी तोडेन."

"आणि बुधवारी मी गेलो तर?"

"तर जाशील. मी पुजारी आहे, तुरुंगवाला नाही."

वीरप्पेनने थोडा विचार केला. "मीठ?"

"नाही."

"एकतीस दिवस?"

"नसेतून घे."

या वेळी कुणी हसणं दाबलं नाही. वीरप्पेन हसला नाही. त्याने देवळाचा कोयता धुवायला दिला आणि नळाखाली जाऊन बसला. अंगमा मधल्या वेळात घरी जाऊन आली होती. ओट्यावरचा दुसरा कोयता तिने गोणपाटात गुंडाळून आणला आणि मुतूच्या हातात दिला. मुतूने तो देवीमागच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं, किल्ली तिला दिली. दुखनी फाटकाबाहेर मिनीबसची वाट बघत उभी होती. तिच्याजवळ कुणी उभं नव्हतं. शिपाई पानावर मटण वाढून घेऊन झाडाखाली जेवला.

दोन वाजता सगळे जेवायला बसले. वीरप्पेनला वेगळं पान, भात आणि भोपळा. सिलोचनीने डाव्या हाताच्या तीन बोटांत भांडं धरून उजव्याने वाढलं. त्याने सगळं संपवलं.

उद्या सोमवार, कंकणाचा दहावा दिवस. आरोग्य केंद्रात जखमांची पट्टी सकाळी आठला बदलतात. नंबर साडेसातपासून लागतात.